दोन घरचे शब्द

समाधान छातीपर्यंत मक्यात रुतला होता, आणि त्याचा मामा विश्वनाथ टाकीच्या माथ्यावर पालथा पडून वरच्या झाकणातून त्याला शब्दांचे अर्थ विचारत होता. एरवी कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, या बाबाचं डोकं फिरलंय. पण सेफ्टीच्या मॅडमचा तसा हुकूमच होता. याला बोलतं ठेवा, घाबरू देऊ नका, हलू तर मुळीच देऊ नका. मक्यात रुतलेला माणूस घाबरला की धापा टाकतो. दर वेळी श्वास सोडला की छाती जेवढी आत जाते, तेवढा मका पुढे सरकून ती जागा घेतो. पुढचा श्वास मग त्याहून तोकडा.

"तारीख!" विश्वनाथ वरून ओरडला. "बोल, तारीख!"

"आपल्याकडे... दिवस," खालून आवाज आला. "ह्यांच्याकडे दिवस पण, आणि इतिहास पण."

"शाबास. हळू बोल. घाई नाही."

घाई होती. दोघांनाही ते माहीत होतं.

सौदीतल्या तबूकहून सत्तर किलोमीटरवर, वाळवंटाच्या पोटातून पाणी उपसून केलेल्या गोल हिरव्या शेतांच्या मधोमध हा गोठा. गोठा म्हणायचं आपलं, गाई सहा हजार. त्यांच्या खाद्याचा मका ठेवायला पत्र्याच्या सहा टाक्या, एकेक चार मजली इमारतीएवढी. फेब्रुवारीची सकाळ होती आणि तबूकची थंडी काही कोकणातल्या गुलाबी थंडीसारखी लाडात येणारी नसते. माथ्यावरचा पत्रा इतका गार होता की विश्वनाथची छाती बधिर झाली होती. तो मात्र घामाने भिजला होता.

आता हे झालं कसं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. टाकीच्या तळाशी एक लांबलचक स्क्रू असतो. तो फिरला की मका खालून ओढला जातो आणि ट्रकमध्ये पडतो. ओलाव्याने मका भिंतीला धरून बसला की कुणीतरी आत उतरून तो पहारीने सोडवावा लागतो. तेव्हा नियम असा, की आधी स्क्रूचा खटका बंद करायचा आणि आत उतरणाऱ्या प्रत्येकाने त्या खटक्यावर आपापलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात ठेवायची. तीन माणसं आत, तर तीन कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन शेवटचं कुलूप काढेपर्यंत कुणाच्या बापाला स्क्रू फिरवता येत नाही.

नियम चोख होता. पण आपली माणसं नियमालाही घरचं वळण लावतात. विश्वनाथ, त्याचा भाचा समाधान आणि बॉबकॅट, म्हणजे छोटा लोडर, चालवणारा बदरुद्दीन, तिघेही दाभोळच्या खाडीकाठचे. तिघांची वाडी एका हाकेच्या अंतरावर. विश्वनाथ त्यात थोरला, सौदीत एकोणीस वर्षं काढलेला फिटर. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, "एका घराला तीन कुलपं कशाला? घराला एक कुलूप असतं आणि चावी वडीलधाऱ्याकडे असते." तेव्हापासून खटक्यावर एकच कुलूप लागायचं, विश्वनाथचं. समाधानचं कुलूप कॅम्पातल्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नवंकोरं पडून होतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट माया वाटली. बहिणीने, सरूबाईने, मुलगा त्याच्या हवाली केला होता. समाधानचा व्हिसा त्याने केला, ड्रायव्हिंगचं लायसन्स त्याने काढून दिलं, तर कुलूपही त्याचंच असायला काय हरकत?

दहा वाजता चहाची सुट्टी. विश्वनाथ आधी वर चढून बाहेर आला, शिडी उतरला आणि खालून हाक मारली, "समाधान, चल रे, चहा!" टाकीतून घुमत उत्तर आलं, "आलोच!" आता 'आलोच' म्हटलं की आपला माणूस निम्मा आला, असं आपण धरूनच चालतो. ट्रकांची रांग लागली होती. कंट्रोल रूममधला ऑपरेटर वॉकीटॉकीवर यल्ला, यल्ला, म्हणजे चला, लवकर, करून कान खात होता. विश्वनाथने कुलूप काढलं, खटका चालू केला आणि हात धुवायला नळावर गेला. तिकडे ऑपरेटरने स्क्रूचं बटण दाबलं.

स्क्रू फिरला. आतून जी किंकाळी आली, ती त्याने उभ्या जन्मात कधी ऐकली नव्हती. बदरुद्दीनने बॉबकॅटवरून उडी टाकून लाल बटण दाबलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. कमरेला दोर होता म्हणून समाधान छातीपर्यंतच गेला, नाहीतर त्याची टोपीही दिसली नसती.

आणि त्या अर्ध्या मिनिटानंतर विश्वनाथने एक गोष्ट केली. धावत जाऊन त्याने खटका बंद केला आणि कुलूप पुन्हा जागेवर लावून टाकलं. का? तर स्क्रू परत फिरता कामा नये म्हणून. हे खरं होतं. पण मनाच्या तळाशी आणखी एक होतं, आणि तेही तितकंच खरं होतं. कुणी पाहायला आलं तर कुलूप जागेवर दिसावं.

पाहायला अरवा आली. सेफ्टी ऑफिसर, तबूकचीच पोरगी, अठ्ठावीस-तीसची असेल. डोक्याच्या रुमालावर पांढरं हेल्मेट, हातात वॉकीटॉकी, चालण्यात घाई पण बोलण्यात नाही. ती खटक्यासमोर थांबली. कुलूप ओढून पाहिलं. फोटो काढला. ऑपरेटरशी, बदरुद्दीनशी भराभर अरबीत बोलली. मग टाकीवर चढून आत डोकावली आणि पहिला शब्द उच्चारला तो समाधानसाठी.

"ला ततहर्रक!"

"मामा, काय म्हणते ती?"

विश्वनाथला सगळं कळलं नाही, पण त्या लांबलचक शब्दाच्या पोटात एक ओळखीचा चेहरा दिसला. "हरकत नको म्हणते. तिच्याकडे हरकत म्हणजे हालचाल. हलू नकोस."

"मी कुठं... हरकत घेतोय," समाधान म्हणाला, आणि त्याही स्थितीत किंचित हसला.

तिथून हा खेळ सुरू झाला. खेळ जुनाच. विश्वनाथकडे एक शंभर पानी वही होती, तिच्यावर त्याने लिहिलं होतं 'दोन घरचे शब्द'. न्हाव्यापासून ट्रकवाल्यापर्यंत भेटेल त्याला छळून त्याने तिच्यात मराठी आणि अरबी दोन्हीकडे असलेले शब्द भरले होते. लिहिलं तर अक्षर न् अक्षर सारखं, पण एका घरात एक नांदणूक आणि दुसऱ्या घरात दुसरी. कॅम्पात त्याला मास्तर म्हणायचे, अर्धं कौतुकाने आणि अर्धं टवाळीने. रोज संध्याकाळी चपात्या लाटताना तो समाधानला दहा शब्द विचारायचा आणि चुकला तर भांडी त्याच्याकडे.

"हात!"

"आपला... हा हात. ह्यांचा... 'दे इकडे.'" समाधान थांबला. "पहिल्या दिवशी फोरमन ओरडला, हात, हात... मी हात पुढं केला. त्याला पाना पाहिजे होता."

"तक्रार!"

"आपली तक्रार. ह्यांच्याकडे तेच तेच पुन्हा करणं."

"बरोबरच आहे. तेच तेच दहादा सांगितल्याशिवाय आपली तक्रार ऐकतो कोण? बटाटा!"

"दोन्हीकडं बटाटा."

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही. समुद्रापलीकडून... आलेला."

"गरीब!"

समाधानच्या मागे, भिंतीला चिकटलेल्या मक्याचा एक कडा उभा होता, दीड पुरुष उंच. खालचा मका सरकल्याने त्याचा पाया सुटला होता. त्यातून मूठभर दाणे घरंगळत आले आणि समाधानच्या खांद्यावर पडले.

"समाधान! गरीब!"

"आपल्याकडं पैसा नसलेला," तो म्हणाला. आवाज आता घशातून नव्हे, नाकातून येत होता. "ह्यांच्याकडं परका. परमुलखातला." मग, "म्हणजे मामा, आपण दोन्हीकडून."

विश्वनाथला रडू कोसळलं. त्याने तोंड पत्र्यावर दाबून धरलं, खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

एवढ्यात बदरुद्दीन शिडीने वर आला. त्याने खाली प्लायवुडचे तख्ते, बादल्या, दोर सगळं मांडून ठेवलं होतं. रुतलेल्या माणसाला ओढून काढता येत नाही, ओढलं तर सांधे निखळतील पण मका सोडणार नाही. त्याच्याभोवती तख्ते रोवून खोका करायचा आणि खोक्यातला मका बादलीने उपसायचा, हाच उपाय. ते काम दोन माणसांचं, आणि माणसं तयार होती.

"मग उतरत का नाही आपण?" विश्वनाथने विचारलं. "कुणाची वाट बघतोय? अग्निशमनवाल्यांची?"

"त्यांना तासभर लागेल. आपण यतीनची वाट बघतोय," बदरुद्दीन म्हणाला. यतीन म्हणजे इलेक्ट्रिशियन, नाशिकचा, सकाळीच सामान आणायला तबूकला गेलेला. "निघालाय तो. पाऊण तास तरी."

"यतीन कशाला?"

बदरुद्दीनने खाली पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "विसूदादा, मॅडम म्हणते, कुलूप लावलेलं होतं आणि तरीपण स्क्रू फिरला. म्हणजे आतली वायरिंग बिघडलीय. कुलपावर भरवसा नाही. मेन बंद केला तर जनरेटर आपोआप उठतो, त्याच्यावर पण ही टाकी आहे. दोन्हीकडची वायर सुटल्याशिवाय ती आत माणूस सोडायची नाही. परत फिरला तर तिघं जातील, म्हणते. आणि तिच्या जागी बरोबर आहे ती."

विश्वनाथने खाली खटक्याकडे पाहिलं. म्हणजे पोराला मक्यात कोंडून ठेवणारी वायरिंग नव्हती, अरवा नव्हती, यतीनही नव्हता. घाबरून परत लावलेलं ते एक कुलूप होतं. त्याचं.

"बदरू," तो म्हणाला, "कुलूप मी काढलं होतं. स्क्रू फिरला तेव्हा कुलूप नव्हतंच. मी नंतर लावलं."

"मला माहिती आहे. मी बघितलं तुम्हांला लावताना."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगू?" बदरुद्दीन चिडला. "दादा, हा मुलूख आपला नाही. पोलीस येतील, कागद होतील. पोरगा वाचला तर नोकरीवर निभावेल. नाही वाचला तर आत जाल तुम्ही, आणि तिकडं वहिनीला कोण? यतीन येतोय. पाऊण तास कसाबसा काढूया. तुम्ही शब्द विचारत राहा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. विश्वनाथ पुन्हा पालथा पडला. खरं सांगायचं तर तो बदरुद्दीनचं ऐकायला तयार झाला होता. भित्रा नव्हता तो. पण एकोणीस वर्षं इकाम्याचं, इथे राहायच्या परवान्याचं, ते कार्ड खिशात घेऊन फिरणाऱ्याला आपलं अवघं आयुष्य त्या कार्डावर उभं आहे हे कुणी शिकवावं लागत नाही. पाऊण तासात काय होतं, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि विचारलं, "मेहनत!"

उत्तर आलं नाही.

"मेहनत, समाधान! आपल्याकडे कष्ट, ह्यांच्याकडे संकट. सांग की!"

कड्यातून हातगाडीएवढं ढेकूळ सुटलं. ते समाधानच्या पाठीमागे पडलं आणि फुटलं. धुरळा वर आला. धुरळा खाली बसला तेव्हा मका त्याच्या गळपट्टीला टेकला होता, आणि डावा हात, जो इतका वेळ वर होता, दिसेनासा झाला होता.

"मामा," समाधान म्हणाला. ओरडला नाही, ओरडायला हवाच नव्हती. "मामा... मामा..."

अरवा केव्हाच वर येऊन विश्वनाथशेजारी गुडघ्यांवर बसली होती. तिचा चेहरा एकदम बदलला. ती हळू आवाजात बदरुद्दीनला काही म्हणाली.

"मॅडमला वाटतंय, तो आईला हाक मारतोय," बदरुद्दीन म्हणाला. त्याने मान हलवून तिला सांगितलं आणि विश्वनाथकडे बोट केलं. हा मामा. आईचा भाऊ. अरवाने विश्वनाथकडे पाहिलं, आणि त्या नजरेत नुसती कणव होती. तीच त्याला सोसली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो उठून उभा राहिला.

"बदरू, हिला सांग. आत्ता सांग. कुलूप मी काढलं, पोरगा आत असताना. नंतर मी परत लावलं. वायरिंग ठीक आहे. माणसं सोड म्हणावं आत."

बदरुद्दीन अरवाकडे वळून अरबीत बोलला. दोन-तीन वाक्यं बोलला आणि शेवटी म्हणाला, "मा यद्री."

अरवाने मान डोलावली आणि ती पुन्हा वॉकीटॉकीकडे वळली.

मा यद्री. याला माहीत नाही. विश्वनाथला हे दोन शब्द समजायला वही लागत नव्हती. सगळा कॅम्प या दोन शब्दांच्या आडोशाला राहत होता. पाइप कुणी फोडला, मा अद्री. गेट कुणी उघडं टाकलं, मा अद्री, मला माहीत नाही, अरबी येत नाही, इंग्लिश येत नाही. त्याने स्वतः एकोणीस वर्षांत ते हजार वेळा वापरले होते. आणि आता बदरूने तीच चादर मायेने त्याच्या अंगावर टाकली होती. आपल्या खाडीचा माणूस दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हे बदरूला त्याच्या बापाने शिकवलं होतं, जसं विश्वनाथला त्याच्या बापाने. ती चादर घेऊन गप्प बसणं सगळ्यांत सोपं होतं. कुणी कधी काही म्हणालं नसतं. बदरूने माझं बोलणं बदललं ते मला कळलंच नाही, असं तो मरेपर्यंत स्वतःला सांगू शकला असता.

फक्त त्याला कळलं होतं. वही भरून भरून त्याने स्वतःची तेवढी पंचाईत करून ठेवली होती. गंमत म्हणजे त्या शंभर पानांतला एक शब्दही त्याने आजवर कुठल्या सौदी माणसाशी बोलताना वापरला नव्हता. शब्द गोळा केले ते आपापसांत खेळायला.

"मॅडम!" तो ओरडला.

अरवा वळली.

"गुफल," तो म्हणाला, आणि खाली खटक्याकडे बोट केलं. त्याच्या वहीत ते कुलपाशेजारीच होतं, एकाच घरातून निघालेले दोन भाऊ. "अव्वल... अना शील गुफल." आधी मी कुलूप काढलं.

"दादा, गप!" बदरुद्दीनने त्याचा दंड धरला. विश्वनाथने तो झटकला.

"नफर जुव्वा." त्याने झाकणात बोट दाखवलं. माणूस आत होता. नफर. आपल्या जुन्या कागदांत नफर म्हणजे चाकर. इथे नुसता माणूस. "बादेन मकीना. बादेन... अना हुत्त गुफल." मग मशीन. मग मी कुलूप लावलं.

ती अरबी नव्हतीच, कॅम्पातली मोडकीतोडकी खिचडी होती. कुठल्या व्याकरणात ती बसली नसती. पण अरवाचे डोळे बारीक झाले. तिने एकेक शब्द त्याच्यासमोर ठेवून विचारला.

"अंता?" तू?

"अना."

"मा यद्री?" तिने बदरुद्दीनकडे हात केला.

"ला." नाही, ते खोटं. विश्वनाथने खिशातून चावी काढली आणि तिच्यासमोर धरली. आता त्याच्याजवळचे शब्द संपले होते. जो पहिला ओठांवर आला तो आपल्या घरचा की त्यांच्या, हे त्याने पाहिलं नाही. "कबूल, मॅडम. कबूल."

अरवाने त्याच्या हातातून चावी घेतली. शिडी उतरताना ती जवळजवळ धावत होती. खाली तिने त्याच्या कुलपाशेजारी स्वतःचं लाल कुलूप अडकवलं, ऑपरेटरला वॉकीटॉकीवर स्क्रू चालू करायला लावला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. स्क्रू मेल्यासारखा पडून होता. मग तिने पेटीतून आणखी दोन कुलपं काढली, एक बदरुद्दीनच्या हातात दिलं, एक विश्वनाथच्या. त्याला देताना ती थांबली. या माणसाला आत सोडावं की नाही, हे तिच्या मनात चाललेलं स्पष्ट दिसत होतं. मग तिने ते त्याच्या तळहातावर आपटलंच.

"कुल वाहिद," ती म्हणाली. प्रत्येकाचं एक.

पुढचा तासभर विश्वनाथला सलग आठवत नाही. तख्त्यावर गुडघे टेकलेले, नाकातोंडात धुरळा, आणि बदरुद्दीन त्याच्याकडे न बघता नुसता तख्ते रोवत होता. चौथा तख्ता बसला आणि मागचा कडा आला. सगळाच्या सगळा आला. मका तख्त्यांवर आदळून कमरेएवढा चढला. एक तख्ता वाकला, तडकला, पण उभा राहिला. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर त्या जागी समाधानचं डोकं होतं. नंतर नुसत्या बादल्या. गळपट्टी दिसली, मग खिसा, मग पट्टा. तबूकचे अग्निशमनवाले पोचले तेव्हा समाधान गुडघ्यांपर्यंत मोकळा झाला होता आणि मामाच्या खांद्यावर मान टाकून बारीक श्वास घेत होता. त्यांनी त्याला स्ट्रेचरवर बांधून वर घेतलं. यतीनची गाडी त्याच वेळी गेटातून आत येत होती.

पोलिसांनी दुपारी विश्वनाथचा जबाब लिहून घेतला. या वेळी बदरुद्दीनने त्याचा शब्द न् शब्द अरबीत खरा सांगितला, भिंतीकडे बघत. इकामा जमा झाला, उद्या सकाळी पुन्हा यायचं ठरलं, नोकरीचं खलास झालं हे कुणी न सांगताच कळलं. जाताना अरवा म्हणाली की वेळेवर बोललास हे मी लिहीन, आणि कुलूप काढलंस हेही लिहीन. बदरुद्दीनने ते मराठीत सांगितलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

चार वाजता हॉस्पिटलमध्ये समाधानच्या खाटेशेजारी बसला असताना सरूबाईचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतंच.

"विसू, अरे पोरगा बरा आहे ना? खरं सांग."

"बरा आहे आक्का. झोपलाय. दोन बरगड्या दुखावल्यात. पाय शाबूत आहेत."

"तू उतरलास म्हणे आत. जिवावर उदार होऊन उतरलास." ती रडायला लागली. "देवासारखा आहेस रे बाबा. तू होतास म्हणून. दुसरं कोण होतं त्याला तिथं!"

विश्वनाथने तोंड उघडलं. अरबीत त्याच्याकडे सात-आठ शब्द होते आणि ते पुरले होते. इथे तर सगळी भाषा त्याची होती. आई ज्या भाषेत रागावली, ज्या भाषेत सरूने त्याला शाळेत नेऊन बसवलं, ती. तिच्यात एक शब्द सापडेना.

"आक्का," तो म्हणाला, "रेंज जातेय. नंतर करतो." आणि त्याने फोन बंद केला. रेंज उत्तम होती. स्वतःची एवढी शिसारी त्याला टाकीवरही आली नव्हती.

फोनच्या आवाजाने समाधान जागा झाला असावा. नर्स साबिरा, केरळची, सलाईन बघायला आली होती. तिला पाहून समाधानने उजवा हात चाचपत पुढे केला आणि विश्वनाथचं मनगट घट्ट धरलं. आवाज बसलेला, पण डोळ्यांत अभिमान मावत नव्हता.

"सिस्टर, ये मेरा मामा है," तो म्हणाला. "इसनेच मेरेको बचाया."

"अच्छा?" साबिरा हसली. "बहुत नसीबवाला है तू."

ती सलाईनचा थेंब मोजत उभी होती. विश्वनाथने खरं सांगायला ती जाईपर्यंत थांबायचं ठरवलं. मग त्याला कळलं की असं ठरवलं तर ती गेल्यावर आपण रात्रीपर्यंत थांबू, आणि मग सकाळपर्यंत, आणि मग हे पोरगं गावी जाऊन साऱ्या वाडीला हेच सांगत सुटेल.

"समाधान," तो म्हणाला, "स्क्रू कसा फिरला, ते तुला कुणी सांगितलं?"

"वायरिंग ना? ती मॅडम वर कायतरी..."

"वायरिंग नाही. कुलूप मी काढलं होतं. तू आत होतास आणि मी बघितलं नाही. मीच काढलं, मीच खटका टाकला. नंतर घाबरून परत लावलं, आणि म्हणून तुला अर्धा तास जास्त आत राहावं लागलं. मी वाचवलं नाही रे तुला. मी पुरलं होतं तुला."

साबिराला मराठी कळत नव्हती, पण ती सलाईन सोडून हळूच बाहेर गेली. समाधान छताकडे पाहत राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता, आखूड, जपून घेतलेला. विश्वनाथने मान खाली घालून आपल्या मनगटाकडे पाहिलं. समाधानचा हात तिथेच होता. त्याने काढून घेतला नव्हता. पकड मात्र गेली होती.